१९५६ ची फोर्ड एफ-१०० : स्टिअरिंग पॉवर करायचं आहे, पण कुठल्या वाटेने?

निळी_पिकअप
नमस्कार मंडळी. माझ्याकडे १९५६ ची फोर्ड एफ-१०० आहे, स्टिअरिंग डावीकडे. पुढे मूळचाच आय-बीम ॲक्सल, चारही बाजूंना पाटे (लीफ स्प्रिंग), वाय-ब्लॉक व्ही-८ इंजिन. स्टिअरिंग बॉक्सही कारखान्यातून आला तोच, वर्म आणि रोलरचा, म्हणजे पेचदार दांडा आणि त्यावर फिरणारं छोटं चाक. गाडी मला रोज चालवायची आहे, शोभेला उभी करायची नाही.

त्रास असा की उभ्या गाडीत स्टिअरिंग वळवताना खांदे भरून येतात. आणि तीच गाडी मोकळ्या रस्त्यावर साठ-सत्तरच्या वेगाला भरकटते. स्टिअरिंग चार बोटं फिरवलं तरी चाकांना पत्ता नसतो, आणि मग एकदम गाडी बाजूला जाते. आधीच्या मालकाने रुंद रेडियल टायर घातले आहेत.

ऐकून-वाचून तीन वाटा दिसतात. मूळ ॲक्सल ठेवून हायड्रॉलिक बॉक्स बसवायचा. किंवा पुढचा सगळा सांगाडा कापून फोर्डच्या मस्टँग २ गाडीच्या पद्धतीचं स्वतंत्र सस्पेन्शन आणि रॅक (दातेरी पट्टी आडवी सरकवून चाकं वळवणारं स्टिअरिंग) घालायचा. किंवा कॉलममध्ये, म्हणजे व्हीलपासून बॉक्सकडे जाणाऱ्या खांबात, इलेक्ट्रिक मोटर. ज्यांनी यातलं काही हाताने केलंय त्यांनी सांगा. गाडीचं मूळ रूप शक्यतो राहावं असं मनापासून वाटतं, पण सुरक्षितता आधी.

चाकोरी
वाचतोय. आमच्या १९६५ च्या शेव्हरले सी-१० चंही हेच रडगाणं आहे.

तेलकट_हात
निळूभाऊ, जड आणि ढिलं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पॉवर स्टिअरिंगने पहिली जाते. दुसरी जागच्या जागी राहते, आणि हात हलका झाल्यामुळे ती कळेनाशी होते, म्हणजे जास्त धोक्याची. म्हणून बॉक्स निवडायच्या आधी एक काम करा.

ॲक्सल जॅकवर उचला, दोन्ही चाकं अधांतरी. ड्रॅग लिंक, म्हणजे बॉक्सकडून चाकाकडे जाणारी दांडी, नकलवरून (चाक ज्यावर बसतं त्या वळणाऱ्या भागावरून) सोडवा, आणि दोन्ही चाकांना जोडणारा टाय रॉडही. आता चाक हाताने डावीकडून उजवीकडे फिरवा. बॉक्सचा संबंधच उरला नाही, त्यामुळे चाक एका बोटाने फिरायला हवं. जोर लावावा लागला तर जडपणा किंगपिनमध्ये आहे, म्हणजे नकल ज्या उभ्या पिनवर वळते तिथे. किंगपिनच्या खालच्या बाजूला, ॲक्सलचा डोळा आणि नकलचा खालचा कान यांच्यामध्ये एक थ्रस्ट बेअरिंग असतं. गाडीच्या पुढच्या भागाचं सगळं वजन त्याच्यावर. बऱ्याच जुन्या गाड्यांत ते कोरडं पडून गंजलेलं सापडतं, कारण ग्रीस गाडी जमिनीवर असतानाच मारलेलं असतं. वजन असताना त्या फटीत ग्रीस शिरत नाही. ॲक्सल उचलून, चाक डावं-उजवं करत मारायचं.

मग चाक वरून आणि खालून धरून हलवून पाहा. खेळ दिसला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर तो चाकाच्या बेअरिंगचा होता. राहिला तर किंगपिनच्या बुशचा.

एवढं झालं की ड्रॅग लिंक आणि टाय रॉड परत जोडून, चाकं जमिनीवर ठेवून एकाला स्टिअरिंग थोडं थोडं हलवायला लावा आणि तुम्ही खाली झोपून प्रत्येक सांध्यावर बोटं ठेवा. सांध्याची एक बाजू हलते आणि दुसरी उशिरा हलते, हे डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळतं.

मास्तर_मेकॅनिकल
तेलकटदादांशी शंभर टक्के सहमत. त्यात कॅस्टरची, म्हणजे किंगपिन मागे झुकण्याच्या कोनाची, भर घालतो.

ही गाडी घडली तेव्हा टायर अरुंद आणि बायस-प्लाय (तिरप्या धाग्यांच्या थरांचे, जुन्या पद्धतीचे) होते. स्टिअरिंग हाताने फिरवायचं म्हणून कॅस्टर बेताचा ठेवत, कारण तो वाढला की स्टिअरिंग जड होतं. पण गाडी सरळ धावते ती बरीचशी कॅस्टरच्याच जोरावर. किंगपिनचं वरचं टोक मागे झुकलेलं असलं की चाक आपोआप सरळ यायला बघतं. एकदा पॉवर बसवली की जडपणाची भीती संपते, मग कॅस्टर चार-पाच अंशांपर्यंत खुशाल न्यावा. रेडियल टायरला तो मानवतो.

पाट्यांच्या ॲक्सलवर हे काम सोपं आहे. पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये पाचरीसारखी निमुळती चकती घालायची. एफ-१०० मध्ये ॲक्सल पाट्याच्या खाली आहे, म्हणून जाड बाजू मागे. चकती पोलादाची घ्या. मऊ धातूची दबते आणि मग यू-बोल्ट ढिले पडतात. टो-इन, म्हणजे चाकांची पुढची टोकं आत वळलेली असणं, साधारण दीड ते तीन मिलिमीटर. माझ्या मते तुमच्या भरकटण्यातला मोठा भाग किंगपिन, कॅस्टर आणि टो-इन या तिन्हींतच निघेल.

रॅकवाला
मी वेगळं मत मांडतो. सत्तर वर्षांच्या ॲक्सलवर इतकी मेहनत घेण्यापेक्षा पुढचा भाग बदलणं चांगलं. मस्टँग २ पद्धतीचा क्रॉसमेंबर बसवला की रॅक अँड पिनियन, डिस्क ब्रेक, स्वतंत्र सस्पेन्शन सगळं एका कामात होतं. काही जण २००३ ते २०११ च्या फोर्ड क्राउन व्हिक्टोरियाची अख्खी पुढची पालखी, म्हणजे सस्पेन्शन आणि स्टिअरिंगसकटचा खालचा सांगाडा, चेसिसखाली घालतात. गाडी आजच्या गाडीसारखी चालते. रोज वापरायची असेल तर हाच मार्ग.

एक सूचना मात्र. मस्टँग २ च्या रॅकला कमी दाब आणि कमी प्रवाह लागतो. त्याला जनरल मोटर्सचा सॅगिनॉ पंप जसाच्या तसा जोडला तर स्टिअरिंग इतकं हलकं होतं की शिंक आली तरी गाडी लेन बदलेल. पंपाचा प्रवाह कमी करणारी जोडणी किंवा व्हॉल्व्हमधल्या शिम, यांची सोय आधी करा.

निळी_पिकअप
रॅकवाला, मनापासून धन्यवाद. पण एक शंका. चेसिस न कापता, मूळ ॲक्सल ठेवूनच रॅक बसवता येत नाही का? एका गाडीत तसं केलेलं फोटोत पाहिलंय.

मास्तर_मेकॅनिकल
हा प्रश्न नीट सोडवू, कारण बहुतेक जण इथेच फसतात.

रॅक चेसिसवर पक्का असतो. तुमचा ॲक्सल पाट्यांवर वर-खाली होतो. रॅकचे दोन्ही टाय रॉड दोन्ही चाकांना जोडले आणि ॲक्सल वर गेला, की दोन्ही टाय रॉडचे कोन बदलतात, म्हणजे त्यांची आडवी पोच बदलते, आणि स्टिअरिंगला हात न लावता चाकांचा टो बदलतो. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये टाय रॉड आणि कंट्रोल आर्म यांची लांबी व सांधे जुळवून हे टाळलेलं असतं. सलग ॲक्सलला ती सोय नाही. सलग ॲक्सलसाठी एका बाजूनेच ओढणारे खास रॅक मिळतात. पण त्यातही रॅकपासून नकलपर्यंत एक दांडी जाते आणि तिचं गणित ड्रॅग लिंकसारखंच करावं लागतं. म्हणजे गणित सुटत नाही, फक्त जागा बदलते.

आता ड्रॅग लिंकचं गणित. तुमच्या गाडीत बॉक्स डाव्या चेसिस पट्टीवर आहे, त्यातून निघणारा पिटमन आर्म पुढे-मागे झुलतो, आणि ड्रॅग लिंक चेसिसच्या समांतर जाऊन डाव्या नकलला ढकलते किंवा ओढते. ॲक्सल खड्ड्यात खाली गेला की तो सरळ खाली जात नाही. पाट्याचं जे टोक पक्क्या पिनवर आहे त्याभोवती तो चाप काढतो. दुसऱ्या टोकाला शॅकल, म्हणजे पाट्याला लांबायला जागा देणारी कडी, झुलते. त्याच वेळी ड्रॅग लिंकचं पुढचं टोक पिटमनच्या सांध्याभोवती स्वतःचा चाप काढतं. दोन्ही चाप जितके एकमेकांवर बसतील तितकी गाडी शांत. ते एकमेकांपासून फुटले की तेवढ्या अंतराने नकल ढकलली जाते. यालाच बंप स्टिअर म्हणतात.

म्हणून नवा बॉक्स कुठे बसतो याहून पिटमनचा खालचा सांधा हवेत नेमका कुठे येतो, हे महत्त्वाचं. कित्येक जण इंजिन किंवा एक्झॉस्ट चुकवायला बॉक्स दोन-तीन इंच पुढे किंवा वर सरकवतात आणि मग बॉक्सला दोष देतात.

तपासायची सोपी रीत: सपाट जागेवर गाडी उभी करा, चाकं सरळ. स्टिअरिंग मोकळं सोडा. एकाला पुढच्या बंपरवर उभं राहून गाडी दाबायला-सोडायला सांगा. स्टिअरिंग व्हील डावं-उजवं डोलायला लागलं तर चाप जुळत नाहीत. जुना बॉक्स काढायच्या आधी हे करून पाहा, आणि पिटमनच्या सांध्याची जागा चेसिसवरच्या दोन पक्क्या बिंदूंपासून मोजून लिहून ठेवा. नंतर तेच माप तुमचा आधार होईल.

चाकोरी
मास्तर, हे पहिल्यांदा नीट कळलं. आमच्या सी-१० मध्ये मात्र पुढे कॉइल स्प्रिंग आणि स्वतंत्र सस्पेन्शन आहे. तिथे काय करावं?

मास्तर_मेकॅनिकल
तुमचं काम बरंच सोपं. १९६३ ते ६६ च्या सी-१० मध्ये लोक १९६७ ते ७२ च्या सी-१० चा पॉवर बॉक्स ब्रॅकेट करून बसवतात. तो वेगळा विषय आहे, वेगळा धागा काढा, तिथे लिहितो.

वायरमन
इलेक्ट्रिकबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. टोयोटा आणि सॅटर्न व्ह्यू यांच्या कॉलममधल्या मोटरा जुन्या गाड्यांत बऱ्याच वापरल्या जातात. त्यातल्या काही युनिटना गाडीच्या संगणकाकडून संदेश मिळाला नाही तरी ती ठरावीक मदत देत राहतात, आणि सोबत एक छोटा नियंत्रक लावून मदत कमी-जास्त करता येते. पंप नाही, पट्टा नाही, होज नाही, तेलगळती नाही. मूळ बॉक्स जागेवर राहतो, त्यामुळे मास्तरांचे चाप जसेच्या तसे.

विजेचं बघा. उभ्या गाडीत पूर्ण वळवताना मोटर पन्नास अँपिअरच्या आसपास ओढू शकते. जुना डायनॅमो आयडलला इतकी वीज देत नाही, अल्टरनेटर लागणारच. निळूभाऊंचं नशीब की १९५६ पासून फोर्डने १२ व्होल्ट दिले. १९५५ ची असती तर ६ व्होल्टची सगळी वायरिंग बदलावी लागली असती. बॅटरीपासून स्वतंत्र जाड वायर, स्वतंत्र फ्यूज, आणि चेसिसला चांगलं अर्थिंग.

तेलकट_हात
वायरमन म्हणतात ते बरोबर, पण कॉलममधली मोटर आपली सगळी ताकद जुन्या बॉक्समधून पाठवते. ज्या वर्मला सत्तर वर्षं फक्त माणसाच्या हातांची ताकद माहीत, त्याच्यावर आता मोटरचा पीळ. बॉक्स उघडून वर्म आणि रोलर पाहिल्याशिवाय हे करू नये. वर्मच्या मधल्या भागावर खवले निघाल्यासारखे खड्डे दिसले तर तो बॉक्स संपला. मध्यावरच गाडीचा सगळा जन्म जातो, म्हणून झीज तिथेच असते. आणि मधला खेळ काढायला वरचा स्क्रू आवळला तर टोकांना बॉक्स अडकतो, कारण टोकं झिजलेली नसतात. वळण घेऊन स्टिअरिंग परत येत नसेल तर हेही एक कारण असतं.

निळी_पिकअप
तेलकटदादा, तुम्ही सांगितलं तसं केलं. ड्रॅग लिंक आणि टाय रॉड सोडवल्यावर उजवं चाक सहज फिरलं. डावं फिरवायला दोन्ही हात लावावे लागले आणि मध्येच करकर आवाज. पिन काढली तर थ्रस्ट बेअरिंगची खालची चकती तपकिरी भुकटी झालेली. दोन्ही बाजूंचे किंगपिन, बुश, बेअरिंग नवे घातले, बुश रीमरने मापात करून घेतले. जडपणा निम्म्यावर आला म्हटलं तर अतिशयोक्ती नाही. मास्तरांची पाचरही घातली, आता गाडी सरळ धावायला लागली आहे.

बॉक्सही उघडला. वर्मवर मधोमध खड्डे आहेत, नखाला लागतात. म्हणजे बॉक्स बदलणं भाग आहे. मग हायड्रॉलिकच करतो. पण कुठला? सॅगिनॉ सगळ्यांच्या तोंडी आहे.

मास्तर_मेकॅनिकल
सॅगिनॉचा बॉक्स उत्तम आहे. आत स्क्रू आणि नट यांच्यामध्ये छरे फिरतात, घर्षण फार कमी, आणि वरच्या टोकाला एक बारीक टॉर्शन बार असतो. तुम्ही स्टिअरिंग फिरवता तेव्हा हा बार किंचित पिळला जातो, त्या पिळाएवढा व्हॉल्व्ह उघडतो आणि दाबाचं तेल पिस्टनच्या योग्य बाजूला जातं. हात थांबला की पीळ सुटतो, व्हॉल्व्ह मध्यावर. पंप बंद पडला तरी यांत्रिक जोड तसाच राहतो, फक्त जड होतो.

पण बहुतेक सॅगिनॉ बॉक्सचा पिटमन आडवा झुलतो, डावीकडून उजवीकडे. तो घेतला तर ड्रॅग लिंक आडवी न्यावी लागेल, उजव्या नकलपर्यंत. ती रचना चांगली आहे, पण नवा स्टिअरिंग आर्म हवा, आणि शॅकलवर ॲक्सल थोडा आडवा सरकतो तेव्हा तेवढं स्टिअरिंग मेलेलं वाटतं; मग ड्रॅग लिंकला समांतर पॅनहार्ड रॉड (ॲक्सल आडवा सरकू न देणारी दांडी) घालावा लागतो. एका कामातून तीन कामं.

तुमच्यासाठी टोयोटाच्या १९७९ ते १९८५ च्या फोर-बाय-फोर पिकअपचा पॉवर बॉक्स बघा. त्या गाडीला पुढे सलग ॲक्सल आणि पाटेच होते, आणि तिचा पिटमन तुमच्यासारखाच पुढे-मागे झुलतो. म्हणून जुन्या एफ-१०० मध्ये हा बॉक्स बरेच जण वापरतात. तुमची ड्रॅग लिंक, तुमचे चाप, सगळं जागच्या जागी ठेवता येतं.

रॅकवाला
हे पटलं. ॲक्सल ठेवायचाच असेल तर हा बॉक्स योग्य.

जुनं_लोखंड
थोडी वेगळी माहिती. पॉवर स्टिअरिंगची प्रत्यक्ष चालणारी रचना फ्रान्सिस डेव्हिस या अभियंत्याने १९२६ मध्येच गाडीवर बसवून दाखवली होती. पिअर्स-ॲरो कंपनीत ट्रकचं काम करताना त्याला अवजड स्टिअरिंगचा त्रास दिसला होता. तरी विक्रीच्या प्रवासी गाडीत ते आलं १९५१ च्या क्रायस्लर इंपीरियलमध्ये. म्हणजे निळूभाऊंची पिकअप बनली तेव्हा हे तंत्र बाजारात नुकतंच रुळत होतं. तिच्यात ते बसवणं मला तरी तिच्या काळाशी प्रतारणा वाटत नाही.

लेथवाली
आता काही गोष्टी मी कळकळीने सांगते, कारण लोक असली कामं घेऊन माझ्याकडे येतात.

पिटमन आर्म, स्टिअरिंग आर्म, ड्रॅग लिंक यांना वेल्डिंग करायचं नाही. लांब करायला नाही, वाकवायला नाही. तापवून वाकवायचंही नाही. एका पिकअपचा तुटलेला पिटमन माझ्या टेबलावर आला होता. दोन आर्म कापून मधोमध जोडलेले, वरून घासून रंग दिलेला, बघणाऱ्याला अखंड वाटावा असा. तुटलेल्या तोंडाचा दोन तृतीयांश भाग तपकिरी होता आणि उरलेला चांदीसारखा चमकत होता. तपकिरी भाग म्हणजे तडा महिनोन् महिने थोडा थोडा आत सरकत होता, त्यात पाणी जाऊन गंज चढला. चमकता भाग शेवटच्या क्षणी तुटला. म्हणजे ती गाडी कित्येक दिवस एक तृतीयांश लोखंडावर धावत होती. सुदैवाने पार्किंगमध्ये तुटला. लांबी वेगळी हवी असेल तर योग्य लांबीचा घडीव आर्म शोधा.

टेपरही तपासा. बॉल जॉइंटचा निमुळता दांडा आणि आर्मचं भोक यांचा उतार वेगवेगळ्या गाड्यांत वेगळा असतो. दांड्याला निळी शाई लावून भोकात दाबा, काढून बघा. शाई सगळीकडे सारखी पुसली गेली पाहिजे. फक्त वरच्या कडेला लागली तर टेपर जुळत नाही, आणि तो सांधा नट आवळूनही हलत राहील.

चेसिसचं राहिलं. पॉवर बॉक्स चाकं ढकलतो तेवढ्याच जोराने चेसिसच्या पट्टीलाही पिळतो. पातळ पट्टीवर नुसते बोल्ट मारले तर भोकाभोवती तडे जातात. आतून जाड प्लेट लावा. पट्टी बंद पेटीसारखी केली असेल तर प्रत्येक बोल्टसाठी आरपार नळी घालून ती दोन्ही बाजूंनी वेल्ड करा, म्हणजे बोल्ट आवळताना पेटी दबणार नाही.

निळी_पिकअप
ताई, हे वाचून मी लगेच खाली जाऊन माझा पिटमन घासून पाहिला. अखंड आहे. टोयोटाचा बॉक्स मिळवतो. कॉलमचं काय करू? मूळ शाफ्ट तर बॉक्समधूनच थेट व्हीलपर्यंत येतो, एकच लांब दांडा.

तेलकट_हात
तो दांडा जातोय याचा आनंद माना. समोरून धडक झाली तर तो भाल्यासारखा छातीकडे येतो. धडकेत दबणारे कॉलम अमेरिकेत १९६७ च्या मॉडेलपासून रुळले. जुन्याचं बाह्य रूप ठेवून आत दबणारा, एकात एक सरकणारा शाफ्ट घाला. तुमचं गिअरचं हँडल कॉलमवर असेल तर त्याच्या जागेचा आधी विचार करा.

शाफ्टला दोन युनिव्हर्सल जॉइंट लागतील. प्रत्येकाचा कोन तीस अंशांच्या आत ठेवा, आणि मधल्या शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत. ते फिरले तर स्टिअरिंग एका फेरीत दोनदा जड आणि दोनदा हलकं लागतं. एक्झॉस्ट चुकवायला तिसरा जॉइंट आलाच तर मध्ये आधाराचं बेअरिंग हवंच, नाहीतर शाफ्ट दोरीसारखा लपकतो.

मास्तर_मेकॅनिकल
बॉक्स बसवताना मध्य पाळा. ड्रॅग लिंक न जोडता इनपुट शाफ्ट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून फेऱ्या मोजा, निम्म्यावर या, खूण करा. चाकं सरळ आणि बॉक्स त्या खुणेवर, अशा स्थितीत ड्रॅग लिंकची लांबी जुळवा. बॉक्स मध्यावरच सर्वांत घट्ट घडवलेला असतो. मध्य चुकला तर सरळ रस्त्यावर तो ढिल्या भागात चालतो आणि नवा बॉक्सही भरकटतो. व्हील वाकडं दिसतं म्हणून नुसतं व्हील काढून सरळ लावणं हा उपाय नव्हे.

दोन्ही बाजूंना पूर्ण वळवल्यावर ॲक्सलवरचे स्टॉप आधी टेकले पाहिजेत, बॉक्सचं आतलं टोक नंतर. शिवाय पूर्ण वळणावर टायर, होज आणि ब्रेकची नळी कुठे घासत नाही ना, ते पाहा.

वायरमन
मी हायड्रॉलिकच्या बाजूचा नाही, तरी तेल भरण्याबद्दल सांगतो, कारण घाईत पंप जळतात. टाकी भरा, इंजिन बंद. पुढची चाकं उचललेली. स्टिअरिंग सावकाश टोकापासून टोकापर्यंत फिरवत राहा, कुणीतरी टाकीत तेल टाकत राहील. बुडबुडे थांबले की मगच इंजिन आयडलला. तेल दुधासारखं पांढरं झालं तर हवा आहे. बंद करून बसू द्या आणि पुन्हा तेच. टोकाला दाबून धरू नका, तिथे पंप पूर्ण दाबावर जातो.

निळी_पिकअप
बॉक्स बसला. पिटमनचा सांधा जुन्या जागेपासून खाली-वर जवळपास शून्य फरकाने आला, तेवढ्यासाठी ब्रॅकेट लेथवर परत घासून घेतलं. बंपरवर उभं राहून गाडी दाबली, व्हील जागचं हलत नाही. जुनं मोठं व्हीलच ठेवलंय, डोळ्यांना तेच बरं वाटतं. एका हाताने पार्किंग होतं आणि रस्त्यावर गाडी हातात बोलते. आता अलाइनमेंटला न्यायची का लगेच?

तेलकट_हात
अभिनंदन निळूभाऊ! लगेच नको. आधी शंभर-दीडशे किलोमीटर चालवा, म्हणजे नवे बुश आणि पाट्यांमधल्या पाचरी बसतील. मग यू-बोल्ट, बॉक्सचे बोल्ट आणि पिटमनचा नट टॉर्क पान्याने पुन्हा आवळा, सगळ्या कॉटर पिना वाकवलेल्या आहेत ना बघा, आणि त्यानंतर अलाइनमेंट. तिथल्या माणसाला सांगा की कॅस्टर दोन्ही बाजूंचा मोजून आकडा कागदावर लिहून दे. तो आकडा इथे टाका.